रस्टमध्ये संख्यांचे ट्रेट मॅक्रोने डिराइव्ह करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात सांगलीत दोन आकडे प्रत्येकाच्या तोंडी असतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आणि आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे. सांगली-मिरजेत रस्ट शिकणारी मुलं सरावाच्या प्रोग्रॅमसाठी हेच आकडे घेतात आणि थोड्याच वेळात न्यूटाइप, ऑपरेटर आणि डिराइव्ह यांच्यापाशी अडतात. तिथे उठणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. स्ट्रक्ट, एनम, ट्रेट म्हणजे काय हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरलं आहे.

पातळी सरळ एफ६४ मध्ये, म्हणजे साध्या दशांश संख्येच्या प्रकारात, ठेवली तर काय बिघडतं? वेगळा प्रकार कशाला हवा?

'फूट' हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. आयर्विन पुलाची पातळी तिथल्या मोजपट्टीवरची असते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोयना धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजतात, त्यामुळे ती दोन हजार फुटांच्या वर असते. 'रात्रीत तीन फूट पाणी चढलं' यातले फूट ही तर नुसती वाढ आहे. त्यात अलमट्टीची पातळी मीटरमध्ये येते, पूर्ण भरल्यावर ५१९.६०. सगळे आकडे एफ६४ असतील तर कंपायलरच्या लेखी ते सारखेच. अलमट्टीचे मीटर कृष्णेच्या धोका पातळीशी ताडून पाहिले तरी तो हूं की चूं करणार नाही.

म्हणून प्रत्येक अर्थासाठी एकच फील्ड असलेला ट्युपल स्ट्रक्ट करायचा. यालाच न्यूटाइप म्हणतात. आत काय ठेवायचं हा पुढचा निर्णय. बातमीत पातळी '४३ फूट ६ इंच' अशी येते, तेव्हा आत इंच ठेवावेत आणि तेही आय३२ या पूर्णांकाच्या प्रकारात. ४३ फूट ६ इंच म्हणजे ५२२, इशारा ४८०, धोका ५४०. पूर्णांकात तुलना स्वच्छ होते आणि दशांशाच्या शेपट्या मागे लागत नाहीत.

याची किंमत एकच. न्यूटाइप केला की आतल्या आय३२ ला येणाऱ्या बेरीज-वजाबाकीपैकी बाहेरच्या प्रकाराला काहीच येत नाही. प्रत्येक क्रियेसाठी इम्पल ब्लॉक, म्हणजे तो ट्रेट या प्रकारासाठी कसा चालेल हे सांगणारा कोड, लिहावा लागतो. तिथेच डिराइव्हची आठवण होते.

डिराइव्ह लिहिल्यावर नेमकं होतं काय?

डिराइव्ह मॅक्रो म्हणजे कंपाइल होताना चालणारं फंक्शन. तुमचा स्ट्रक्ट त्याला टोकनांच्या रांगेच्या रूपात मिळतो आणि ते ट्रेटचा इम्पल ब्लॉक, म्हणजे आणखी टोकनं, परत देतं. मूळ स्ट्रक्टमध्ये त्याला काही बदलता येत नाही. त्याच्या सोबतीला नवा कोड जोडता येतो, एवढंच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत. मॅक्रो चालतो तेव्हा टाइपची तपासणी झालेली नसते. 'आय३२' ही त्याला फक्त अक्षरं दिसतात. तो पूर्णांक आहे का, त्याला बेरीज येते का, हे त्याला माहीत नसतं. 'पातळी' या नावामागे नदी आहे हे तर त्याला कळण्याचा प्रश्नच नाही. मॅक्रो आकार पाहून कोड लिहितो. अर्थ फक्त तुम्हाला माहीत असतो.

क्लोन, डीबग डिराइव्ह होतात. मग ॲड का होत नाही?

रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत क्लोन, कॉपी, डीबग, डिफॉल्ट, हॅश, पार्शलइक्यू, इक्यू, पार्शलऑर्ड आणि ऑर्ड एवढेच नेहमीचे ट्रेट डिराइव्ह करता येतात. या सगळ्यांचा फील्डवरून निघणारा एक सरळ अर्थ असतो. सगळी फील्ड समान तर दोन वस्तू समान. सगळ्या फील्डची प्रत म्हणजे वस्तूची प्रत. बेरजेचं तसं नाही. दोन पातळ्यांची बेरीज म्हणजे काय, हे स्ट्रक्टचा आकार पाहून ठरत नाही. म्हणून अधिकचं चिन्ह वापरताच ई०३६९ ही चूक समोर येते. ती अडवणूक वाटते, पण कंपायलर तिथे योग्य प्रश्न विचारत असतो.

पूर्णांकांची बेरीज गाभ्याच्या लायब्ररीतही हाताने बारा वेळा लिहिलेली नाही. तिथे मॅक्रो_रूल्सचा एक छोटा मॅक्रो आहे, त्याला प्रकारांची यादी दिली की प्रत्येकासाठी इम्पल तयार होतो.

कोणता क्रेट, म्हणजे बाहेरची तयार लायब्ररी, घ्यायचा?

काम काय आहे त्यावर ठरतं.

'नम-ट्रेट्स' या क्रेटमध्ये झीरो, वन, नम, फ्लोट, फ्रॉमप्रिमिटिव्ह, टूप्रिमिटिव्ह असे संख्यांचे ट्रेट आहेत आणि 'नम-डिराइव्ह' हा त्याचा जोडीदार ते डिराइव्ह करून देतो. 'डिराइव्ह-मोअर' स्टँडर्ड लायब्ररीतलेच ऑपरेटर, म्हणजे ॲड, सब, मल, नेग, सम वगैरे, सुटे सुटे डिराइव्ह करतो. त्याच्या १.० आवृत्तीपासून लागणारी फीचर्स कार्गोच्या फाइलीत नावानं मागावी लागतात. जुनं उदाहरण उतरवून घेतलं आणि मॅक्रो सापडत नाही असं दिसलं, तर आधी तिथे बघा. एनम आणि अंक यांची ये-जा एवढंच हवं असेल तर 'नम-एनम' पुरतो.

माझा कल स्पष्टपणे डिराइव्ह-मोअरकडे आहे. तिथे एकेक क्रिया निवडून घ्यावी लागते, आणि निवडताना थांबून विचार करावा लागतो.

नम आणि त्याला लागणारे ट्रेट डिराइव्ह केले की सगळंच मिळतं. ते का नको?

सगळंच मिळतं म्हणूनच नको. नम हा ट्रेट मागतो काय ते पाहा. शून्य हवं, एक हवा, समानता हवी, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बाकी या पाचही क्रिया हव्यात आणि प्रत्येकीचं उत्तर त्याच प्रकारात हवं. शिवाय मजकुरातून, दिलेल्या पायाच्या अंकपद्धतीत, संख्या वाचता यायला हवी.

आता हे पातळीला लावा. 'पातळी गुणिले पातळी बरोबर पातळी' हे विनातक्रार कंपाइल होईल. आयर्विनच्या ४० फुटांना ४५ फुटांनी गुणून येणारी 'पातळी' कुठल्या पुलाची? दोन लांबींचा गुणाकार क्षेत्रफळ देतो, आणि दोन पातळ्यांचा गुणाकार काहीच देत नाही. न्यूटाइप करून जी भिंत उभी केली ती नम डिराइव्ह करून आपणच पाडतो. पाडली नाही असं भासतं, हे जास्त वाईट, कारण प्रकाराचं नाव तर तसंच दिसत राहतं.

हास्केल लिहिणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. तिथे न्यूटाइपवर नम डिराइव्ह करण्याची सोय एका एक्स्टेन्शनने मिळते, पण त्या क्लासमध्ये बेरीज आणि गुणाकार एकाच गाठोड्यात बांधलेले आहेत. एक हवा तर दुसरा घ्यावाच लागतो. रस्टमध्ये ऑपरेटर सुटे आहेत ही आपली सोय आहे, ती वाया घालवू नये.

मग नम डिराइव्ह करावं कधी? तुमचा प्रकार खरोखर संख्याच असेल आणि न्यूटाइप केवळ सोयीचा असेल तेव्हा. समजा, एफ६४ ला दुसऱ्या क्रेटमधला ट्रेट लावायचा आहे. ट्रेटही परका आणि प्रकारही परका असेल तर रस्ट इम्पल लिहू देत नाही. म्हणून वर एक पातळ वेष्टण घातलं, आणि ते वेष्टण नम मागणाऱ्या जेनेरिक फंक्शनला द्यायचं आहे. इथे नम डिराइव्ह करणं अगदी योग्य. मात्र मॉड्युलर अंकगणिताचा प्रकार करत असाल तर तोही संख्या असूनसुद्धा डिराइव्ह चालत नाही. डिराइव्ह केलेली बेरीज आतल्या संख्यांची नुसती बेरीज करते, मॉड्युलसने बाकी काढायची असते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मग आमच्या या प्रोग्रॅममध्ये कुठे काय डिराइव्ह करावं?

पातळीपासून सुरू करू. पातळ्यांची तुलना करायची आहे, कारण धोका ओलांडला का हाच मूळ प्रश्न. म्हणून पार्शलइक्यू, इक्यू, पार्शलऑर्ड, ऑर्ड डिराइव्ह करा. कॉपी, क्लोन, डीबगही. ॲड करू नका. सकाळची पातळी अधिक संध्याकाळची पातळी या वाक्याला अर्थ नाही.

वजाबाकीला मात्र अर्थ आहे. संध्याकाळच्या पातळीतून सकाळची वजा केली की पाणी किती चढलं ते कळतं. पण हे उत्तर पातळी नव्हे. तो 'फरक' हा वेगळा प्रकार. डिराइव्ह केलेली वजाबाकी उत्तर त्याच प्रकारात देते, त्यामुळे इथे डिराइव्ह चुकीचं पडतं. सबचा इम्पल हाताने लिहा आणि आउटपुट म्हणून फरक द्या. तसंच 'पातळी अधिक फरक बरोबर पातळी' हाही इम्पल हातानेच लिहा. दोन्ही मिळून दहा-बारा ओळी होतील, पण या प्रोग्रॅमचं शहाणपण त्याच ओळींत आहे.

फरक या प्रकाराला ॲड, सब, नेग, सम बिनधास्त डिराइव्ह करा. दोन वाढी मिळवता येतात, वाढ ऋण असू शकते, आठवड्याच्या वाढींची बेरीज काढता येते.

ही मांडणी स्टँडर्ड लायब्ररीतच पाहायला मिळते. तिथला इन्स्टंट म्हणजे घड्याळातला एक क्षण आणि ड्युरेशन म्हणजे कालावधी. क्षणातून क्षण वजा केला की कालावधी येतो, क्षणात कालावधी मिळवला की क्षण येतो, आणि दोन क्षणांची बेरीज करायला गेलात तर कंपायलर अडवतो. तारीख, तापमान, नकाशावरचा बिंदू, नदीची पातळी या सगळ्यांची जात हीच.

विसर्गाचं काम सोपं आहे. पायथा विद्युतगृहातून सोडलेलं पाणी आणि वक्र दरवाज्यांतून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये मिळवता येतं, म्हणून ॲड आणि सम डिराइव्ह. सहा दरवाज्यांतून प्रत्येकी सारखाच विसर्ग असेल तर साध्या संख्येने गुणता यायला हवं. डिराइव्ह-मोअरचा मल नेमकं हेच देतो: विसर्ग गुणिले साधी संख्या बरोबर विसर्ग. विसर्ग गुणिले विसर्ग तो आपणहून देत नाही. या क्रेटचा हा स्वभाव मला फार आवडतो.

विसर्ग आणि वेळ यांचा गुणाकार कसा डिराइव्ह करायचा?

तो डिराइव्ह होत नाही. दोन वेगळे प्रकार आत जातात आणि तिसराच बाहेर येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून क्युसेक गुणिले सेकंद बरोबर घनफूट. हा इम्पल एकदाच हाताने लिहायचा.

इथे आणखी एक सापळा आहे. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. यू३२ मध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात, म्हणजे जेमतेम ४.२९ टीएमसी. ५० हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला तर ५०,००० गुणिले ८६,४०० बरोबर ४,३२,००,००,००० घनफूट. एवढा एक दिवससुद्धा यू३२ मध्ये बसत नाही. डीबग बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथेच पॅनिक होईल. रिलीज बिल्डमध्ये मात्र आकडा गुपचूप गुंडाळला जाईल आणि उत्तर येईल २,५०,३२,७०४. चार टीएमसीच्या वर पाणी खाली आलं असताना प्रोग्रॅम सांगेल, अडीच कोटी घनफूट.

डिराइव्ह केलेले ऑपरेटर यापासून वाचवत नाहीत, कारण ते आतल्या प्रकाराचाच ऑपरेटर बोलावतात. घनफुटांसाठी यू६४ किंवा आय६४ घ्या. गुणाकारापूर्वीच दोन्ही बाजू मोठ्या प्रकारात न्या. गुणून झाल्यावर रुंदी वाढवून उपयोग नसतो. ज्या बेरजेवर कोणाचा निर्णय अवलंबून आहे तिथे चेक्ड_ॲड, चेक्ड_मल वापरा, आणि रिलीज प्रोफाइलमध्ये ओव्हरफ्लो-चेक्स चालू करा. अशा प्रोग्रॅमला त्याने येणारा संथपणा जाणवणारही नाही.

रूपांतरात आकडा न मावण्याचे परिणाम किती मोठे होऊ शकतात हे ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिलं. एरियान ५ च्या पहिल्या उड्डाणात ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली, ती मावली नाही, आणि रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आतच नष्ट झालं.

अंकावरून एनम कसा मिळवायचा?

समजा 'स्थिती' हा एनम आहे: सामान्य ०, इशारा १, धोका २. डेटाबेसमध्ये अंक साठवला आहे. एनमकडून अंकाकडे जायला 'ॲज' चालतं. उलट दिशेला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण अंक ७ आला तर कोणती स्थिती द्यायची?

फ्रॉमप्रिमिटिव्ह डिराइव्ह केलं की फ्रॉम_यू८ मिळतं आणि ते ऑप्शन देतं. ओळखीचा अंक असेल तर सम (बेरजेचा सम नव्हे, ऑप्शनमधला Some), नसेल तर नन (None). एनमच्या पर्यायांमध्ये डेटा नसला पाहिजे, एवढी अट. 'नम-एनम' वापरलात तर ट्रायफ्रॉमच्या वाटेने रिझल्ट मिळतो, चूक वर पाठवायला तो सोयीचा. ट्रान्सम्यूट करून, म्हणजे अंकाचे बिट तसेच्या तसे एनम मानून, वेळ वाचवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर मनावर घेऊ नका. यादीत नसलेला अंक एनममध्ये घातला की रस्टची कोणतीच हमी उरत नाही.

मिळालेल्या ननवर लगेच अनरॅप_ऑर लावून 'सामान्य' देणंही तितकंच घातक. न ओळखलेली स्थिती सुरक्षित मानायची नसते.

जुन्या उदाहरणांत वेगळंच काही दिसतं. ते का?

१.० येण्याआधीच्या रस्टमध्ये फ्रॉमप्रिमिटिव्हचं डिराइव्ह कंपायलरमध्येच होतं. मे २०१५ मध्ये १.० आली तेव्हा ते स्थिर रस्टमध्ये राहिलं नाही आणि संख्यांचे ट्रेट बाहेरच्या क्रेटमध्ये गेले. त्यानंतर काही काळ यासाठी कंपायलर प्लगइन लागायचं, म्हणजे नाइटली, अर्थात रोज निघणारी प्रायोगिक आवृत्ती. फेब्रुवारी २०१७ च्या १.१५ आवृत्तीपासून स्वतःचे डिराइव्ह मॅक्रो स्थिर रस्टमध्ये लिहिता येऊ लागले. प्लगइनचा उल्लेख असलेलं उदाहरण दिसलं की ते त्यापूर्वीचं समजा आणि सोडून द्या.

स्वतःचा डिराइव्ह मॅक्रो लिहिणं कितपत अवघड आहे?

वाटतं तेवढं नाही. मॅक्रोसाठी वेगळा क्रेट करावा लागतो आणि त्याच्या कार्गो फाइलीत प्रॉक-मॅक्रो चालू करावं लागतं. तोच क्रेट स्वतःचा मॅक्रो स्वतःत वापरू शकत नाही. आलेली टोकनं वाचायला 'सिन' आणि नवी लिहायला 'कोट' हे दोन क्रेट जवळपास सगळे वापरतात. एका फील्डच्या स्ट्रक्टसाठी ॲड देणारा मॅक्रो पन्नासेक ओळींत होतो.

त्या ओळींत तीन गोष्टी जपा. ट्रेटचं नाव मुळापासूनच्या पूर्ण पथासह लिहा, म्हणजे सुरुवातीला दोन कोलन, मग कोअर, मग ऑप्स. वापरणाऱ्याने 'ॲड' नावाचं स्वतःचं काही केलं असेल तरी गोंधळ होत नाही. स्ट्रक्ट जेनेरिक असेल तर त्याचे जेनेरिक पॅरामीटर आणि व्हेअर कलम इम्पलवर उतरवा. सिनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. आणि कोणी तुमचा मॅक्रो दोन फील्डच्या स्ट्रक्टवर किंवा एनमवर लावला, तर पॅनिक न करता सिनची एरर द्या, म्हणजे लाल रेघ नेमक्या जागी उमटते. तुमचा मॅक्रो वापरणारा विद्यार्थी त्या एका ओळीवरून रस्टबद्दलचं मत बनवत असतो.

चार-पाच प्रकारांसाठीच सगळं करायचं असेल तर एवढा पसारा नको. मॅक्रो_रूल्सने त्याच फाइलीत दहा ओळींत काम होतं, कंपाइलही लवकर होतं. वर सांगितलेले 'पातळी वजा पातळी बरोबर फरक' सारखे इम्पल तीन पुलांसाठी लागले, तर त्याला मॅक्रो_रूल्सच योग्य.

डिराइव्हमधून आलेली चूक समजतच नाही. काय करू?

कार्गो-एक्सपांड बसवा. मॅक्रोने लिहिलेला सगळा कोड तो उलगडून दाखवतो. नवशिक्याने तर काही चुकलेलं नसतानाही एकदा तो चालवून आपल्या डिराइव्हचा इम्पल वाचावा. मॅक्रोची भीती त्या वाचनात जाते.

न्यूटाइपमुळे प्रोग्रॅम संथ होतो का?

नाही. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये वेष्टण उरत नाही. आतला आणि बाहेरचा प्रकार मेमरीत हुबेहूब सारखे असण्याची हमी हवी असेल, उदाहरणार्थ सी मधल्या कोडला आकडा द्यायचा असेल, तर रेप्र-ट्रान्सपरंट लावा. वेळ लागतो तो कंपाइल होताना, तोही सिनसारखे क्रेट पहिल्यांदा बांधताना.

एफ६४ आत असेल तर ऑर्ड डिराइव्ह होत नाही. का?

एफ६४ मध्ये नॅन, म्हणजे 'संख्या नाही' ही खास किंमत, असतो आणि नॅन स्वतःशीही समान नसतो. म्हणून इक्यू, ऑर्ड, हॅश मिळत नाहीत. क्रम लावायचाच असेल तर टोटल_कंप आहे. पण पातळी इंचात ठेवली की हा प्रश्न मुळात उठत नाही.

पातळीला डिफॉल्ट डिराइव्ह करू का? स्ट्रक्ट भरायला सोपं जातं.

करू नका. डिराइव्ह केलेला डिफॉल्ट आतल्या आय३२ चा डिफॉल्ट देतो, म्हणजे शून्य इंच. पुराच्या रात्री वीज गेली, नोंद आली नाही, आणि रिकामी जागा डिफॉल्टने भरली गेली, तर तुमचा प्रोग्रॅम कृष्णा कोरडी पडल्याचं सांगेल आणि स्थिती 'सामान्य' दाखवेल. झीरो हा ट्रेटही पातळीला याच कारणासाठी नको. फरकाला शून्य चालतं, कारण 'पाणी चढलं नाही' ही खरी बातमी असू शकते. पातळीची नोंद नसेल तर ऑप्शनमध्ये नन ठेवा, आणि पडद्यावर 'नोंद नाही' असंच लिहा, शेवटची नोंद किती वाजताची होती त्यासह.